पुदिना एंगेजचा, खरबूज ट्रंकबाईचं

दर उन्हाळ्यात पहिलं चांगलं खरबूज बाजारात आलं, की ट्रंकबाई फोन करायची आणि एवढंच म्हणायची, "आलंय."

पलीकडून एंगेज म्हणायची, "पुदिना घेऊन येते."

झालं. दोघींच्या जन्मात इतक्या थोडक्यात आटोपलेलं दुसरं बोलणं नव्हतं.

ही नावं टेलिफोन एक्सचेंजमधली. तरुणपणी दोघी ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायला, शेजारी शेजारी बसत. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. एकीचा आवाज असा खणखणीत, की सुपरवायझरबाई म्हणायच्या, "तुला तारेची गरजच काय गं? खिडकी उघड आणि बोल, पुढच्या गावाला ऐकू जाईल." ती ट्रंक. दुसरी कधी रिकामी सापडायचीच नाही. हाक मारावी तर आधीच कुणाशी तरी बोलण्यात गुंतलेली. ती एंगेज. पुढे लग्नं झाली, पोरं झाली, माणसांच्या जागी मशिनं आली, दोघींचे नवरे एकामागून एक गेले. नावं मात्र चिकटली ती चिकटलीच. फक्त वयाचा मान म्हणून ट्रंकची ट्रंकबाई झाली.

हे पेयही तिथलंच. सुपरवायझरबाईंचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. एक्सचेंज बंद झालं तेव्हा बाईंनी आपल्या सगळ्या मुलींना घरी बोलावलं आणि भावाने शिकवलेलं कॉकटेल करून पाजलं. खरबूज, पुदिना, लिंबू आणि जिन. "कुणी नाक मुरडलं तर सांगा, फळाचा रस आहे," बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघी त्याला 'रस'च म्हणत. कामाची वाटणीही तेव्हाचीच. खरबूज ट्रंकबाईचं, पुदिना एंगेजचा. एकीने दुसरीच्या कामात हात घालायचा नाही.

तर यंदाही "आलंय" झालं, आणि दुपारी बेल वाजली. ट्रंकबाईने दार उघडलं. बाहेर एंगेज, घामाने निथळलेली, आणि दोन्ही हातांत पुदिन्याची भलीमोठी कुंडी.

"अगं बाई! कुंडीच उचलून आणलीस?"

"खुडायचा कंटाळा आला."

"आणि जिना चढायचा नाही आला? पायरी दिसली की गुडघ्याच्या नावाने गळा काढणारी तू!"

"आत तर येऊ दे, ट्रंके. हात तुटायला आलेत."

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. ट्रंकबाईने कुंडीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उजळला. "कळलं! सामान यायला लागलं म्हणायचं!"

एंगेज हसली. पण जरा उशिरा हसली. अर्धं आयुष्य ट्रंकबाईने लांबून येणारे आवाज ऐकले होते. शब्द आणि उत्तर यांच्यामधली फट तिच्या कानाला लगेच लागायची. आज लागली, पण जिना चढून दम लागलाय म्हणून तिने ती सोडून दिली.

दोघींचं ठरलेलं होतं. अगदी हातावर हात मारून. एंगेज भाड्याचं घर सोडणार आणि ट्रंकबाईच्या मागच्या खोलीत राहायला येणार. उरलेले दिवस एकत्र काढायचे, एकीने चष्मा शोधायचा, दुसरीने दात. एंगेजचा मुलगा दूरदेशी, त्याच्याकडे जाण्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "तिथे मी बोलू कुणाशी, भिंतीशी?" ट्रंकबाईच्या लेकीने आईसाठी एक खोली रिकामी ठेवली होती. कितीदा म्हणाली, "आई, ये आता." थंडीत ट्रंकबाईने तिला शेवटचं सांगून टाकलं, "माझी सोय झालीय गं. ती खोली तू पोरीला दे." आता त्या खोलीत नातीचं टेबल होतं, तिचा पलंग होता, भिंतीवर तिची चित्रं होती.

"चल, लाग कामाला," ट्रंकबाई म्हणाली.

तिने खरबूज बुडाशी हुंगलं आणि मधोमध कापलं. आतून केशरी, पिकलेलं, पण मऊ न पडलेलं. एक अर्धं एंगेजने ताटलीने झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. दुसरा ग्लास त्यातून होतो, हाही जुनाच रिवाज. दुसऱ्या अर्ध्यातल्या बिया ट्रंकबाईने चमच्याने चाळणीत काढल्या आणि बोटांनी चोळू लागली. बियांभोवतीचा तो लिबलिबीत भाग लोक टाकून देतात. खरं तर सगळ्यात जास्त गोडवा आणि वास त्यातच असतो. रस खालच्या पातेल्यात गळत होता, तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होता. मग तिने गराच्या फोडी त्यात टाकून घुसळल्या.

पलीकडे एंगेज पुदिन्याची पानं खुडून फडक्यावर मांडत होती. पुदिना ती कधी ठेचायची नाही. ठेचला की कडवटतो. पानं तळहातावर घ्यायची, वरून दुसऱ्या हाताने एक टाळी द्यायची आणि तशीच ग्लासात सोडायची. टाळीसरशी वास घरभर पसरायचा.

"बाथरूममध्ये दांडी बसवून घेतली बघ काल," ट्रंकबाई सांगत होती. "तुझ्या उंचीला. मला वाकावं लागतं तिच्यासाठी, पण तुझा हात बरोबर जाईल."

एंगेजने आणखी एक पान खुडलं. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला.

"लेकाचा आहे," एंगेज म्हणाली. "माझे हात बरबटलेत गं. तू जरा स्पीकरवर टाक."

ट्रंकबाईने ओल्या बोटाने फोन घेतला. काचेवर खरबुजाचा ओघळ उमटला.

"आई," पलीकडून मुलगा बोलू लागला, "सामान बांधणारे सोमवारी येतील. तुझं तिकीट पाठवलंय. आणि ऐक, मावशीला सांगितलंस का एकदाचं? किती दिवस टाळणार आहेस? ती बिचारी तुझ्यासाठी खोली लावून बसली असेल."

स्वयंपाकघरात फक्त चाळणीतून रस ठिबकत होता.

"नंतर बोलते रे," एंगेज म्हणाली आणि पुढे होऊन बोटाने फोन बंद केला.

ट्रंकबाईने हात पुसले नाहीत. तशीच उभी राहिली.

"कधी ठरलं?"

"अगं, तो फार मागे लागला..."

"कधी, ते विचारतेय."

"थंडीच्या आधी."

"थंडीत मी खोली रंगवली. रंग पसंत करायला तू आली होतीस. पिवळा नको, डोळ्यांवर येतो म्हणालीस."

"मग काय करू? तुझा उत्साह बघून तोंडच उघडेना माझं. तुझं मन मोडवेना."

"म्हणून भिंती रंगवू दिल्यास? लेकीची खोली मी सोडली, तेव्हा तू इथेच बसली होतीस. या खुर्चीवर. माझ्या तोंडून ऐकलंस आणि वर म्हणालीस, बरं केलंस."

एंगेजने मान खाली घातली. पुदिन्याची पानं उगाच इकडची तिकडे केली. ट्रंकबाईची नजर त्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

एक्सचेंजमध्ये एक नियम होता, आणि तो दोघींच्या हाडीमांसी भिनला होता. लाइनवर तिसरं माणूस असेल, तर बोलणाऱ्याला आधी सांगायचं. मग बोलू द्यायचं. एंगेज तो नियम घरातही पाळायची. मुलाचा फोन असला तरी पहिलं वाक्य ठरलेलं, "थांब रे, मावशी ऐकतेय हं." पोरं तिची थट्टा करायची, तरी ती सोडायची नाही. आज मात्र मुलगा बोलत राहिला आणि ही ऐकत राहिली.

"एंगेज, मी ऐकतेय हे तू त्याला सांगितलं नाहीस."

"गडबडीत विसरले."

"हात बघू तुझे."

"काय गं हे..."

"दाखव."

एंगेजने हात पुढे केले. कोरडे होते. पुदिन्याची पानं खुडून हात कुठे बरबटतात? कोपरापर्यंत बरबटलेले हात ट्रंकबाईचे होते.

 मग एंगेजच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझ्या तोंडून निघतच नव्हतं गं. रोज ठरवायची, रोज राहायचं. म्हटलं, तो बोलेल, तुला कळेल, आणि मग..."

"आणि मग तू डोळे पुसशील, आणि मी तुझी समजूत घालीन."

एंगेजने डोळे पुसायला उचललेला पदर तसाच हातात राहिला.

तू गेलीस म्हणून मी मरणार नव्हते, असं ट्रंकबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. समोर बसून सांगितलं असतंस, तर भांडले असते, रडले असते आणि तुझ्या पेट्याही बांधून दिल्या असत्या. पण ती बोलली नाही. तिने दोन ग्लास काढले. कडांना लिंबू फिरवून मीठ लावलं. खरबुजाचा रस ओतला, लिंबू पिळलं, जिनच्या बाटलीच्या बुचाने माप घातलं, बर्फ टाकला. तिने ग्लास पुढे सरकवले, तेव्हा एंगेजने मुकाट्याने पानं तळहातावर घेतली आणि टाळी दिली. वास घरभर पसरला. दर वर्षी पसरायचा तसाच. शेवटी सोडा, कडेकडेने, फेस मोडणार नाही असा.

प्याल्या दोघी. खिडकीबाहेर ऊन मी म्हणत होतं. एंगेज सवयीने बोलू लागली. मुलाच्या घरामागे झाडं आहेत, फोन काय, आता चित्रासकट होतो, अंतर म्हणून काही राहिलेलं नाही. बोलता बोलता तिचा ग्लास रिकामा झाला, आणि तोही सवयीनेच पुढे आला.

"गोड निघालं हं खरबूज. दुसरा कर ना."

"संपलं," ट्रंकबाई म्हणाली.

एंगेजने फ्रीजच्या दाराकडे पाहिलं. ताटलीने झाकलेलं अर्धं तिनेच आत ठेवलं होतं. तिने ट्रंकबाईकडे पाहिलं. मग रिकामा ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि चप्पल शोधायला लागली.

दाराशी तिने मागे वळून म्हटलं, "कुंडी ठेवून जातेय. पाणी रोज घाल. ऊन सकाळचंच दे, दुपारचं सोसत नाही त्याला."

"जपून उतर," ट्रंकबाई म्हणाली. यात मात्र राग नव्हता. गुडघा खरंच दुखरा होता.

एंगेज जिना उतरू लागली. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय. ट्रंकबाई आत गेली, खिडकीतली कुंडी दोन्ही हातांनी उचलली, आणून दाराबाहेर ठेवली आणि कंबर धरून सरळ झाली.

समोरच्या घरातली सून कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर येत होती. "काकू, कुंडी बाहेर का? काय छान वास येतोय! तुमची ना ही?"

खाली पावलं अजून वाजत होती.

"माझी नाही," ट्रंकबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. पण तो आवाज तारेवाचून पुढच्या गावाला जाणारा होता, जिना तो किती.

खालची पावलं थांबली. सून डबा हातात धरून एकदा कुंडीकडे, एकदा जिन्याकडे पाहत राहिली. मग पावलं पुन्हा सुरू झाली, एक पाय, त्याच पायरीवर दुसरा पाय. ती पार तळाशी पोचेपर्यंत ट्रंकबाई दारातच उभी होती. रस वाळून तिचे हात चिकट झाले होते. कडीलाही ते चिकटले.