काचेवरची धूळ

वेधशाळेत सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. दुर्बिणीने रात्री टिपलेली चित्रं सकाळी पडद्यावर तपासायची, खराब असतील ती बाद करून कारण लिहायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत त्यांचा एकही शेरा कुणाला खोडावा लागला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात प्रमुख बाई नेमकं हेच वाक्य म्हणणार, अशी आतली बातमी होती. काका ते वाक्य मनातल्या मनात रोज एकदा ऐकून घेत.

त्या दुपारी बाई तणतणत आत आल्या. "सूर्यमालेबाहेरून आलेला तो धूमकेतू! सापडायच्या दीड महिना आधी तो आपल्या दुर्बिणीसमोरून गेलाय. तेव्हा तो निजलेला होता की जागा, म्हणजे वाफा सोडायला लागला होता की नाही, हे जगात कुणाला माहीत नाही. आणि आपल्या यादीत त्या तारखेचं एकही चित्र नसावं?"

"ढग असतील," खोडरबर म्हणाली. बाद चित्रं दर तीन महिन्यांनी कायमची पुसणं हे तिचं काम, म्हणून हे नाव. आजच पाच वाजता पुसायची होती.

काकांना ती सकाळ आठवली. ढग नव्हते. त्या जागेची अर्ध्या-अर्ध्या तासाने काढलेली तीन चित्रं होती. पहिल्यात सगळे तारे सुईच्या टोकासारखे, आणि मध्येच एक फुगीर, मऊसर ठिपका. पहिल्यात डाग दिसला की उरलेली दोन उघडायचीसुद्धा नाहीत, हा काकांचा शिरस्ता. त्यांनी लिहून टाकलं होतं : 'काचेवर धूळ. तिन्ही बाद.'

बाई गेल्यावर त्यांनी चोरासारखी ती दोन चित्रं उघडली. ठिपका ताऱ्यांमधून सरकला होता. काचेवरची धूळ जागची हलत नाही.

गप्प बसलं तर? वीस मिनिटांत सगळं साफ होणार होतं, आणि ते वाक्य शाबूत राहणार होतं. काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"काका, सरका जरा. पुसते आता," खोडरबर म्हणाली.

"हात लावू नकोस!"

काकांचा चढलेला आवाज त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकला. शेजारच्या खोलीतून बाई धावत आल्या. काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंचं अर्धं लक्ष पडद्यावर होतं, मग सगळंच.

"अगं बाई! सूर्य अजून केवढा लांब, पाणी तर दगडासारखं गोठलेलं असणार. आणि हा पठ्ठ्या आत्तापासूनच धूळ उडवतोय! कुठला तरी दुसराच बर्फ वाफ होऊन निघतोय."

"चूक झाली माझी, बाई."

"धूळ ओळखलीत ना? पत्ता तेवढा चुकला!"

"मग शेरा मी खोडू?" खोडरबरने हात चोळले.

"नाही," काका म्हणाले. "तो माझा आहे." आणि त्यांनी तो स्वतःच खोडला.

निरोपाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षांत यांचा शेरा एकदाच खोडला गेला, आणि तोही यांनीच."

टाळ्या काही थांबेनात. हे वाक्य काकांनी आधी एकदाही मनात ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे कुठे बघावं ते त्यांना कळेना. शेवटी ते चष्मा पुसत बसले.