झिजल्या दगडावरची धार

हॉकीच्या मैदानाच्या पायऱ्यांखाली एक खोली होती. खोली म्हणायची आपली पद्धत. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं दारातूनच बोलायचं. आत धार लावायचं एक यंत्र, एक लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले स्केटचे जोड आणि या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर धारमामा. गावात बर्फावर हॉकी खेळणाऱ्या प्रत्येकाचं पातं गेली चाळीस वर्षं त्यांच्या हाताखालून जात होतं. मामांना सख्खी बहीण एकही नव्हती, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

मामांचा एक नियम होता. आधी गिऱ्हाईक, मग घरचे. सकाळी आल्याआल्या ते यंत्राच्या फिरत्या दगडावरून हिऱ्याची कणी फिरवायचे. तेवढ्यानं दगडाचा तोंडवळा सारखा होई, आणि मग दिवसभर एकेका पात्याला खोबण पडे. खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोन कडा राहतात, खेळाडू त्या कडांवर उभा असतो. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात. मामांच्या तशा असायच्या. खोबणीवर आडवं नाणं ठेवलं की ते टेबलावर ठेवल्यासारखं सपाट राही. गावात नवा खेळाडू आला की लोक त्याला पहिल्या दिवशी हेच करून दाखवायचे आणि वर म्हणायचे, बघ, याला धार म्हणतात.

त्या सोमवारी सकाळी न्हावी आला. त्याचं दुकान मैदानासमोर, आणि गावातली बातमी आधी त्याच्या खुर्चीत बसते, मग पुढे जाते. पेपर काखेत धरून तो दारातच उभा राहिला.

“मामा, गिरकी परत येतोय. लीग सोडली म्हणे. आता आपल्या क्लबाकडून खेळणार.”

गिरकी म्हणजे मामांचा मुलगा. त्याला आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते आता शाळेच्या दाखल्यावरच उरलं होतं. चकती काठीशी धरून भरधाव यायचं, समोर अडवायला कुणी आला की डाव्या पायावर स्वतःभोवती पूर्ण फिरून त्याच्या मागच्या अंगाला निघायचं, ही त्याची खुबी. अडवणारा बिचारा रिकाम्या जागेला मिठी मारून उभा. याच गिरकीच्या जोरावर तो जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये गेला, अकरा वर्षं खेळला, शेवटची तीन कप्तान होता, आणि गेल्या मोसमात त्यानं चषक उचलला तेव्हा या गावात शाळा अर्ध्या दिवसात सोडल्या होत्या.

“कोण म्हणालं?” मामांनी विचारलं.

“पेपरवाले. बाकी लोक काय म्हणतात ते वेगळं.”

“काय म्हणतात?”

“माझ्यावर ढकलू नका हं. म्हणतात, तिकडे नारळ दिला असेल. नाहीतर भरल्या ताटावरून कोण उठतं?”

मामांनी यंत्र बंद केलं नाही. बंद केलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. न्हाव्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो आपल्या दुकानाकडे गेला.

दुपारी मामा घरी आले तेव्हा बायको धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. मामांनी एक टोक धरलं. चादरीच्या पलीकडून ते म्हणाले, “अगं, पोरगा परत येतोय म्हणे.”

“हो. परवा.”

“तुला माहीत होतं?”

“महिना झाला.”

“आणि मला सांगायची काही पद्धत?”

“त्यानंच सांगितलं होतं, बाबांना मी समोर बसून सांगेन. अहो, फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणता आणि फोन माझ्या हातात देता. अकरा वर्षांत तुमचे अकरा ‘बरं’ झाले असतील.”

“का येतोय?”

“ते त्यालाच विचारा. मी सांगितलं की तुम्ही परत ‘बरं’ म्हणाल.”

मामांनी चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. पोरगा येणार म्हणून आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदात न्हाव्याचं बोलणं दातात अडकलेल्या तुसासारखं टोचत होतं. आणि त्याहूनही खोल दुसरं एक होतं. ते त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

नियम होता ना, आधी गिऱ्हाईक, मग घरचे? त्यामुळे पोराचे स्केट रोज सगळ्यात शेवटी यायचे. वीस-पंचवीस जोड होऊन दगड एका बाजूनं झिजलेला, मामांचं अंग मोडून आलेलं, आणि पुन्हा हिरा फिरवायचा म्हणजे आणखी पंधरा मिनिटं. घरचंच तर आहे, चालतंय. असं करत करत पोराच्या डाव्या पात्याची आतली कड वर आणि बाहेरची खाली राहू लागली. फरक केसभराचा. पण पोरगं त्या केसभरावर उभं राहून वाढलं. ते डावीकडे कलायचं, पडायला यायचं, आणि पडू नये म्हणून तसंच गर्रकन फिरून सावरायचं. लोक म्हणायचे, काय उपजत अंग आहे!

मुलगा बारा वर्षांचा असताना मामांनी एकदा सहज त्याच्या पात्यावर नाणं ठेवलं. नाणं एका अंगाला कललं. सगळ्या गावाला सरळ धार देणाऱ्याच्या पोटचा पोर चार वर्षं वाकड्या पात्यावर खेळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामांनी गुपचूप पातं सरळ करून दिलं. आठवडाभर पोरगं फिरायला गेलं की तोंडावर आपटलं. आठव्या दिवशी ते हॉकी सोडतो म्हणून रडत घरी आलं. मामांनी पुन्हा गुपचूप कड वाकडी केली. तेव्हापासून ती वाकडीच होती, आणि मामांच्या तोंडाला कुलूप होतं.

पोरगा लीगला निघाला तेव्हा त्यांनी त्याला चार जोड पाती घासून दिली होती. पण पाती काही जन्मभर पुरत नाहीत. तिकडे त्यानं पुढे काय केलं, हे मामांनी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

बुधवारी मुलगा आला. त्याची थोरली बहीण मैदानावर बर्फगाडी चालवायची, म्हणजे खेळून खरवडलेला बर्फ पुन्हा गुळगुळीत करायचं मोठं धूड. त्या दिवशी ती धूड सोडून घरची गाडी घेऊन स्टेशनवर गेली होती. मैदानाच्या फाटकात एवढी माणसं जमली की दोघांना उतरायला जागा होईना. मामा पायऱ्यांपाशी उभे राहून पाहत होते. पोराच्या हनुवटीवर नवा व्रण होता. बाकी तो तसाच होता, आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन ज्याच्या त्याच्या घरच्यांची नीट चौकशी करत होता. मामांना वाटलं, यानं चषक आणला नसता तरी चाललं असतं.

तेवढ्यात त्यांना दिसलं की क्लबाच्या सेक्रेटरींनी पोराच्या खांद्यावरची पिशवी आदरानं उतरवून घेतली, आणि ते ती घेऊन पुढच्या दालनाकडे निघाले.

पुढच्या दालनात नवं यंत्र आलं होतं. गिरकी येणार म्हणून खास मागवलेलं, हे मामांना आता उमगलं. त्यात स्केट ठेवायचा, आकडा दाबायचा, झाकण लावायचं; दोन मिनिटांत दोन्ही कडा अशा समसमान की मामांनीसुद्धा तोंडात बोट घालावं. सेक्रेटरींनी ते आणलं तेव्हा मामांचा मान राखून म्हटलं होतं, “तुमची खोली आहेच, मामा. हे आपलं पाहुण्यांसाठी.”

मामांना पुढचं सगळं दिसलं. शनिवारी सामना. सारं गाव पायऱ्यांवर बसणार. सरळ पात्यावर पोरगा गिरकी घ्यायला जाणार आणि तोंडावर पडणार. मग न्हाव्याच्या खुर्चीतली माणसं म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं, संपलाय तो. आणि हे टाळायचं तर एकच वाट होती. चाळीस वर्षांचं नाव स्वतःच्या हातानं पुसायचं. मामांचा पाय जागेवरून हलेना. मग ते चालायला लागले, आणि दालनाच्या दारापर्यंत जवळजवळ धावतच गेले.

सेक्रेटरींनी झाकण उघडलं होतं. भोवती पाचसात खेळाडू आणि न्हावी. जिथे गर्दी तिथे न्हावी असायचाच.

“साहेब, ते यंत्रात घालू नका.”

“मामा, कमीपणा वाटून घेऊ नका. मोठ्या लीगमध्ये हेच यंत्र असतं.”

“कमीपणाचं नाही. त्याचं डावं पातं वाकडं आहे. ते वाकडंच पाहिजे.”

कुणालाच काही कळेना. मामांनी स्केट हातात घेतला, खिशातलं नाणं काढून पात्यावर आडवं ठेवलं. मनातून त्यांना वाटत होतं की ते सपाट राहील, तिकडच्या लोकांनी कधीच सरळ केलं असेल. नाणं कललं. तेवढंच कललं, जेवढं त्या दिवशी कललं होतं. मामा त्याच्याकडे बघतच राहिले.

“हे तिकडच्यांनी बिघडवलं?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नाही. मी. तो लहान असताना. तुमची सगळ्यांची पाती आधी करायचो आणि त्याचं शेवटी, झिजल्या दगडावर. आळस केला. तो त्याच्यावरच खेळायला शिकला. ती गिरकी म्हणता ना तुम्ही, ती न पडण्याची धडपड आहे. माझ्या चुकीवरची.”

“म्हणजे मामा, इतकी वर्षं…” न्हावी म्हणाला.

“इतकी वर्षं. जा, सांग सगळ्यांना.”

न्हावी गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बातमी जड झाली होती.

“झालं का सांगून?” मागून आवाज आला. गर्दीतून वाट काढत मुलगा दारात येऊन उभा होता. “मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे, बाबा. नाणं मलाही ठेवता येतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही नाही. घराण्याची रीत.” तो आत आला आणि त्यानं बापाच्या हातातून स्केट घेतला. “तिथल्या धारवाल्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हे कुठल्या कसायानं घासलंय? म्हटलं, माझ्या बापानं. आणि मला तसंच घासून दे. तीन वेळा त्याला जमलं नाही. चौथ्यांदा जमलं. त्यांच्या फळ्यावर प्रत्येक खेळाडूपुढे कुठली धार ते लिहिलेलं असतं. माझ्यापुढे अकरा वर्षं लिहिलंय, ‘बापाची धार’. नवा माणूस कामाला लागला की जुना त्याला आधी ती शिकवतो. आता मी तिथे नाही, पण शिकवत असतील बहुतेक.”

मामांना काय वाटलं ते सांगायचं तर, लाज वाटली आणि अभिमान वाटला, आणि अभिमान इतका मोठा होता की लाजेला बसायला जागाच उरली नाही. त्यांनी डोळे बाहीला पुसले आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही. सेक्रेटरींनी यंत्राचं झाकण हळूच लावलं.

दोघं पायऱ्यांखालच्या खोलीत आले. मुलगा बाकावर बसला. गुडघे भिंतीला टेकले, तेव्हा त्यानं ते तिरपे केले. गावाच्या संघाचा गोलकीपर सकाळपासून आपला जोड घेऊन दाराबाहेर पायरीवर बसला होता, तो अदबीनं थोडा सरकला.

“एक विचारतो,” मामा म्हणाले. “नारळ दिला का रे तुला?”

मुलगा हसला. “तीन वर्षांचा नवा करार पुढे ठेवला होता. मीच सही केली नाही.”

“मग भरल्या ताटावरून उठलास कशाला?”

मुलगा भिंतीवरचे जोड बघत राहिला. मग म्हणाला, “लहानपणी मी इथेच बसायचो. सगळ्या गावाचे जोड व्हायचे, मग माझा नंबर. तोवर तुम्ही थकलेले असायचात आणि दगड संपलेला असायचा. रागानं नाही सांगत. पण तिकडचे मोठमोठे खेळाडू मी असेच घरी जाताना पाहिले. गुडघे गेले, कंबर गेली, मग आपल्या गावात नुसते हात हलवायला. गावाला काय मिळालं? उरलंसुरलं. मला घरच्यांसाठी असं शेवटी यायचं नव्हतं. अजून माझ्यात चार मोसम आहेत, बाबा. चांगले आहेत. ते इथे खेळायचेत.”

मामांनी तोंड उघडलं. ‘बरं’ असं बाहेर पडणार होतं, ते त्यांनी गिळलं.

“चांगलं केलंस,” ते म्हणाले. “फार चांगलं केलंस.”

मग ते उठले आणि डबीतून हिऱ्याची कणी काढली. दगड सकाळीच घासला होता, त्यावर फक्त तीन जोड झाले होते, तरी त्यांनी तो पुन्हा घासला, सावकाश, आरपार, अगदी सारखा होईपर्यंत. झिजल्या दगडावर वाकडी कड आपोआप यायची. ताज्या दगडावर ती मापून काढावी लागणार होती. मामांनी पातं पकडीत बसवलं, केसभर तिरपं केलं, नाणं ठेवून पाहिलं, पुन्हा केसभर हलवलं.

बाहेरून गोलकीपर घुटमळत म्हणाला, “मामा, माझा नंबर आधीचा आहे. चार वाजता सराव आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“थांब,” मामा म्हणाले. “आधी घरचं.”

आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.