भूल देणाऱ्या बाईंचा पारा

मित्रांनो, तुमच्या घरी पारा चढला म्हणजे कुणीतरी रागावलेले असते. माझा पारा चढला की अख्खे ऑपरेशन थिएटर श्वास रोखून उभे राहायचे. मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र. लोखंडी पेटी, काचेच्या नळीत पारा आणि दंडावरचा पट्टा फुगवायला रबरी पंप.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या डाव्या हाताशी माझी जागा. माझी बिजागरी निखळली, तेव्हा त्यांनी स्वतः ती बँडेजने बांधली होती.

एकदा एक सायकल दुरुस्तीवाले काका आले. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. बाई समजावू लागल्या, तर तेच म्हणाले, "टायर विरलं की ट्यूब तिथून डोकावते, तसंच ना? मग हवा कमी ठेवा की."

"फारच कमी केली तर?"

"गाडी रिमवर बसते."

"तसंच. मेंदूला रक्त पुरणार नाही."

शेजारी उभ्या काकू हळूच म्हणाल्या, "बाई, भूल द्या, पण भूल करू नका."

थिएटरमध्ये आत गेल्यावर बाईंनी औषध अगदी सावकाश सोडले. काका झोपले. आता घशातून श्वासाची नळी घालायची होती. गाढ झोपेतही त्या क्षणी दाब उसळतो. फुगा फुटला असता तर सगळेच संपले असते. सर्जन म्हणाले, उरका आता. बाईंनी माझ्याकडे पाहिले. एकशे पन्नास.

"थांबा. पारा अजून वर आहे."

आणखी थोडे औषध. एकशे चाळीस. एकशे वीस. मग त्यांनी नळी अलगद सरकवली. पारा जेमतेम दोन घरे चढला आणि स्थिरावला.

मग सर्जननी चिमटा लावून फुगा बंद केला. संध्याकाळी काकांनी डोळे उघडले, सांगितल्याबरोबर दोन्ही हात उचलले आणि काकूंना विचारले, "दुकान बंद ठेवलंस की काय?" काकू रडता रडता हसल्या.

आता आकडे दाखवणारी यंत्रे आली. माझी काच फुटली तर पारा विषारी, म्हणून मी कुलुपात आहे. ते योग्यच आहे. पण बाईंच्या बोटांची आठवण येते.

काकांचे डोके ऑपरेशनआधी वर्षभर दुखत होते, मित्रांनो, आणि दाब त्यांनी एकदाही मोजला नव्हता. तुमच्या घरीही कुणी म्हणत असेल, "मला काय धाड भरलीय?" त्यांना हाताला धरून दवाखान्यात न्या, बाही वर करायला लावा. आणि डॉक्टर पट्ट्याखाली नळी लावून नाडीचा आवाज कान देऊन ऐकत असतील, तेवढे एक मिनिट गप्प बसा.