पाठमोरी हाक

आठ जणांत एक पाव. तो कापायचा देम्यानने, आणि पाठमोरं उभं राहून नावं पुकारायची प्रोखोरने. कैद झाल्यापासूनची ही रीत. जर्मनांनी पायातले बूट काढून घेतले, पट्टे घेतले, पण ही रीत काही त्यांना काढून घेता आली नाही.

देम्यान लढाईआधी औषधांच्या दुकानात कामाला होता. काडी, दोरा आणि दोन चिंध्या यांचा त्याने तराजू केला होता. त्यात तो आठही तुकडे जोखायचा, चिमूटभर इकडचं तिकडे करायचा. मग एका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचा, "कोणाला?" भिंतीकडे तोंड केलेला प्रोखोर मनात येईल ते नाव घ्यायचा. एकाला तुकडे दिसतात पण नाव ठरवता येत नाही, दुसऱ्याला नाव ठरवता येतं पण तुकडे दिसत नाहीत. मग भांडणार कोणाशी? सगळ्यांचा डोळा टोकाच्या तुकड्यावर असे. वजन तेवढंच, पण नुसता कडक पापुद्रा, पाण्याचा अंश कमी, तोंडात जास्त वेळ टिकायचा. तोसुद्धा ज्याच्या नशिबी येईल त्याचा.

त्या आठवड्यात मात्र या साध्या गोष्टीत एका माणसाचा जीव अडकला होता.

मातवेई हा त्यांच्या तुकडीतला राजकीय अधिकारी. असे अधिकारी सापडले की जर्मन त्यांना गोळ्या घालायचे. मातवेई साधा शिपाई म्हणून आठ महिने तगला, आणि मग कोणीतरी चुगली केली. यादीत नाव आलं. छावणीच्या दवाखान्यात चेक देशाचा एक कारकून होता, देवमाणूस. त्याच दिवशी तिथे अर्खिप नावाचा एक कैदी तापाने गेला होता. कारकुनाने मेलेल्याच्या अंगावर मातवेईचा नंबर चढवला आणि अर्खिपचा नंबर मातवेईच्या कोटावर शिवला. कागदावर मातवेई मेला. बराकीचा मुकादम बोल्टे, तोही कैदीच पण जर्मन, चारच दिवसांपूर्वी बदलून आलेला. त्याला सगळ्या रशियनांची तोंडं एकसारखीच दिसत. म्हणून हे खपून गेलं.

"प्रोखोर, थोडे दिवस हाक दुसऱ्या कोणाला मारू दे," देम्यान म्हणाला होता. "तुझ्या जिभेला जुनी सवय आहे."

"माझ्या जिभेची काळजी तू करू नकोस," प्रोखोर फुरंगटून म्हणाला. "बायकोचं नाव विसरेन, पण हे नाही विसरणार."

आणि खरंच, खाणीत दगड फोडताना दर घावाला तो मनात घोकायचा. अर्खिप. अर्खिप. दोन संध्याकाळी ठीक गेल्या.

तिसऱ्या संध्याकाळी बोल्टे मेजापाशी येऊन उभा राहिला. त्याला ही गंमत बघायची होती.

"कोणाला?" देम्यानने विचारलं.

"लुका."

"कोणाला?"

"झाखार."

दिवसभराचा दगड ढोपरात उतरला होता, पावाचा वास नाकात भरला होता. माणूस अशा वेळी किती सावध राहणार?

"कोणाला?"

"मातवेई," प्रोखोर म्हणाला.

म्हटलं आणि त्याचं त्यालाच कळलं. अरे देवा, हे काय करून बसलो! मागे कोणी हाललं नाही. मातवेईने चुकून हात पुढे केला असेल का? त्याला दिसत नव्हतं. समोर फक्त भिंतीची फळी.

"मातवेई?" बोल्टेला मोडकंतोडकं रशियन येत होतं. "याच नावासाठी परवा ऑफिसातून माणूस आला होता. मेला म्हणून सांगितलं त्याला. मेला ना?"

बोल्टेने मेजावर थाप मारली.

"तो तुकडा तिथेच राहू दे. पुढचे वाटा. पाव आठ जणांचा, बसलेही आठ. शेवटी हात रिकामा कोणाचा राहतो ते बघू. आणि ए, तू वळायचं नाहीस."

उरले पाच तुकडे. अजून नाव न घेतलेली माणसं सहा. एक जण राहणारच. बोल्टेचा हिशोब सरळ होता: जो राहील तोच मातवेई.

"कोणाला?" देम्यानचा आवाज जरासुद्धा बदलला नव्हता. केवढं काळीज त्या माणसाचं!

"तिखोन."

"कोणाला?"

"रुस्तम."

आता घ्यावं का त्याचं नाव? घाईने घेतलं तर संशय, उशिरा घेतलं तरी संशय. प्रोखोरने नेहमीसारखं नाक ओढलं.

"अर्खिप."

मागे बाक करकरला. कोणीतरी तुकडा उचलला. मग येमेल्यान झाला, मग देम्यान स्वतः. तुकडे संपले.

"राहिला कोण?" बोल्टेने विचारलं.

प्रोखोर वळला. "मी, साहेब."

"तू?"

"मातवेई माझा दोस्त होता. आठ महिने रोज त्याला हाक मारली. जिभेला कोण सांगणार, तो गेला म्हणून? चूक माझी, तेव्हा गेला तो तुकडाही माझाच."

बोल्टे त्याच्याकडे बघत राहिला. मग तो तुकडा घेऊन बाकाभोवती फिरला आणि मातवेईपाशी थांबला. "तू ओळखत होतास त्याला?"

"नाही," मातवेई म्हणाला. त्याचं तोंड पावाने भरलेलं होतं. भुकेला माणूस खातो तसाच तो खात होता, मान खाली घालून, भराभरा. न खाता बसला असता तर बोल्टेला तिथेच संशय आला असता. प्रोखोरला हे सगळं कळत होतं, तरी त्याला त्याचा राग आला. एक क्षण वाटलं, तुझ्यापायी मी उपाशी, आणि तू चावतोयस! मग त्या रागाचीच त्याला लाज वाटली.

बोल्टेने प्रोखोरच्या दोन थोबाडीत दिल्या, आणि त्याच्यासमोर उभा राहून तो तुकडा सावकाश खाल्ला. शेवटी मेजावरचा चुराही बोटाने टिपला.

दुसऱ्या दिवशी खाणीत प्रोखोर दोनदा पडला. दोन्ही वेळा मातवेईने त्याला काखेत हात घालून उठवलं.

संध्याकाळी प्रोखोर भिंतीकडे गेलाच नाही. "मला नाही जमायचं आता. दुसरा बघा."

"मी मारतो हाक," मातवेई म्हणाला, आणि बोल्टे दाराशी उभा असतानाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

देम्यानने पाव कापला, जोखला. त्याचं बोट टोकाच्या तुकड्यावर येऊन थांबलं. आठ महिन्यांत त्याने कोणाला कधी एक कण जास्त दिला नव्हता. खुद्द त्याचा भाऊ याच बाकावर मेला, त्यालाही नाही.

तो खोकला. चांगला घसा साफ करून, मोठ्याने. मग म्हणाला, "कोणाला?"

"प्रोखोर," मातवेई भिंतीकडे बघत म्हणाला.

बाकावर सगळ्यांनी तो खोकला ऐकला. लुकाने ऐकला, रुस्तमने ऐकला. प्रत्येकाला तो तुकडा हवा होता, आणि कोणीही तोंडातून ब्र काढला नाही.

"खोकलास का रे?" प्रोखोर हलकेच म्हणाला.

"थंडी आहे," देम्यान म्हणाला, आणि त्याने पुढच्या तुकड्यावर बोट ठेवलं.