ज्याच्यावर मी भुंकलो नाही

मित्रांनो, मी पडघ्याच्या नाक्यावर ट्रकखाली झोपणारा एक म्हातारा कुत्रा आहे. नाव खंड्या. कोणावर विश्वास टाकायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव. तुम्ही ऐकायला बसलात खरे, पण कोणाच्या हातात दगड नाही ना, हे मी आधी बघून घेतलं आहे.

माझा जन्म जवळच्याच पाड्यावर, ठकुबाईच्या गोठ्यात झाला. ती म्हशी पाळायची आणि सकाळच्या एस.टी.ने भिवंडीला, नारपोलीत दूध घालायला जायची. गोठा मी राखायचो. टपालवाला असो की शेणी न्यायला आलेली बाई, आधी भुंकायचं, मग वास घ्यायचा. "खंड्या हाय म्हून मी निर्धास्त," असं ती साऱ्या पाड्याला सांगायची, तेव्हा माझी छाती फुगायची.

दुपारी ती माझं डोकं मांडीवर घ्यायची, कानातले गोचीड उपटायची आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून टच्च चिरडायची. "मेल्यांनो, माझ्या खंड्याचं रगत पिता?" रक्ताची बोटं लुगड्याला पुसायची. काय सुख होतं हो ते!

१९७३ च्या मे महिन्यात ठकुबाई तापाने आडवी झाली. डोकं फुटेल इतकं दुखत होतं. चौथ्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल पुरळ उठलं, ते तळहात-तळपायांपर्यंत गेलं. तिचा मुलगा बाळाराम घाबरला. "देवी आली," म्हणत त्याने दाराला कडुलिंब बांधला आणि औषध बंद केलं. सरकारी माणसांना कळलं तर घरावर पहारा बसेल, ही धास्ती वेगळीच. "खंड्या, कोनाला आत सोडायचं न्हाय!" त्याने मला बजावलं. शेजारीपाजारी कुजबुजू लागले, नारपोलीतल्या कोणाच्या तरी घरून तिने हे आणलं असणार. मलाही ते लगेच पटलं.

सहाव्या दिवशी हबीबा आली. नारपोलीतल्या लूमवाल्या मोहिउद्दीनची ही बायको, ठकुबाईचं दूध तिच्याकडे जायचं. दूध का येत नाही म्हणून ती थेट पाड्यावर आली होती. मी झेप घेऊन तिचा पदर दातात धरला.

"सोड रे मुडद्या!" पदर टर्रकन फाटला, तरी ती आत शिरलीच. ठकुबाईचे तळहात बघून ती बाळारामवर उखडली. "देवीचे फोड आधी तोंडावर उठतात, हाताला कठीण लागतात. हिचं तोंड साफ हाय, आन हे पुरळ सपाट हाय. मावशीला मारनार हायस काय तू?"

दुपारपर्यंत तिने पडघ्याचे डॉक्टर आणले. त्यांनी ठकुबाईला तपासलं आणि कान खाजवत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "याचे गोचीड कोण काढतं?"

"आईच काढते. नखानं मारते," बाळाराम म्हणाला.

"मग तिथंच घात झालाय. काही गोचिडांच्या अंगात एक बारीक जंतू असतो. गोचीड चावला की त्या जागेतून, किंवा चिरडला की नखाजवळच्या चिरेतून, तो माणसाच्या रक्तात शिरतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये घुसून तिथेच वाढतो. मग वाहिन्या झिरपतात, म्हणून हे पुरळ. पेनिसिलिनची सुई त्याला लागू पडत नाही. या कॅप्सूल पेशीच्या आत पोचतात. अजून दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती."

मित्रांनो, चोर माझ्याच कानात बसला होता आणि मी हबीबाचा पदर फाडत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी बाळारामने मला पोत्यात घातलं आणि नाक्यावर आणून सोडलं. घरची वाट मला पाठ होती. मी गेलो नाही.

ठकुबाई बरी झाली. रोज सकाळी दुधाचा कॅन घेऊन ती इथे एस.टी.ची वाट बघते. मला पाहिलं की वाकून हात पुढे करते. "ये रं खंड्या. आता चिमट्यानं काढीन, राकेलच्या डब्यात टाकीन. नखानं न्हाय मारायची. ये ना रं!"

तुम्हीही तेच करा, मित्रांनो. दारच्या जनावरांचे कान बघत जा. गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढा, हात साबणाने धुवा. आमच्या अंगावर काय आहे, हे आम्हाला सांगता येत नाही.

ती हाक मारते तेव्हा माझी शेपटी हलते, ती काही माझं ऐकत नाही. पण मी ट्रकखाली आणखी आत सरकतो. साऱ्या जगावर संशय घेऊन झाला, आता माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही. एस.टी. येते, ठकुबाई चढून जाते. मग मी बाहेर येतो आणि ती उभी होती त्या मातीचा वास घेतो.