धुतलेलं बेअरिंग

तुम्ही सडवलंत हे, सर. तुम्हीच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही.

मुठीत मावणाऱ्या त्या मॉडेल विमानाच्या इंजिनाचं मागचं झाकण निघाल्यावर आत ते बेअरिंग दिसत होतं – रुपयाच्या नाण्याहून लहान, कडेला तांबूस गंज, आणि गोळ्यांच्या मधे इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा राळेसारखा घट्ट थर. विमान उडवून झालं की आतलं इंधन जाळून टाकायचं, दोन थेंब तेल सोडायचं, मग इंजिन कपाटात ठेवायचं. हे कॉलेजच्या मॉडेल विमानांच्या क्लबातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं, आणि तुम्ही मागच्या स्पर्धेनंतर ते तसंच कुलूपबंद केलंत, अख्खा पावसाळा सडू दिलंत, आणि नंतर अपघाताच्या अहवालात लिहून मोकळे झालात की विद्यार्थिनीने चालू पंख्यात बोटं घातली. चालू पंख्यात! रंगनाथची पोर काय दूधखुळी होती?

सातपूरच्या घराच्या गॅलरीत रविवारच्या उन्हात रंगनाथ मांडी घालून बसला होता, पुढ्यात सागाचा ठोकळा, पेट्रोलची वाटी, जुना दात घासायचा ब्रश. इंजिन कॉलेजच्या शिपायाने आणून दिलं होतं, आणि मागोमाग क्लब चालवणाऱ्या सरांचा फोन. "रंगनाथराव, तुमच्या मुलीच्या हातून बिघडलंय, तुम्ही कंपनीत फिटर आहात, बेअरिंगं बदलून द्या. स्पर्धा तोंडावर आली. पोरींना हौस असते हो, यंत्राची शिस्त नसते." आणि तो काय म्हणाला? हो सर, म्हणाला. पोरीची दोन बोटं तोडून घेतल्यावर वर इंजिन दुरुस्तीला पाठवणाऱ्या माणसाला तो हो सर म्हणाला, आणि फोन ठेवल्यापासून ते दोन शब्द त्याच्या तोंडात कुजत होते. त्या माणसाला मानगुटीला धरून वाकवावं, त्याची ती सही करणारी बोटं या पंख्यापुढे धरावीत, प्लगला बॅटरी लावून इंजिन चालू करावं आणि म्हणावं – शिकवा शिस्त. कसा आवाज येतो, ते तुमच्याच कानांनी ऐका. एकेक बोट. सावकाश.

पण आधी पुरावा. बेअरिंग त्याच्यापुढे टाकायचं, आणि मग बोलायचं.

आत तवा तापला होता. पंख्याचा शाफ्ट काढून रिकामं केलेलं इंजिनाचं घर त्याने त्यावर ठेवलं. ॲल्युमिनियम तापून फुगलं की बेअरिंग आपोआप सैल होतं.

"आता तव्यावर विमानं भाजा," त्याची बायको आशा म्हणाली. "एवढं पोरीचं वाटोळं करून पोट नाही भरलं त्याचं, म्हणून आणलं घरात?"

"जुना तवा आहे."

"तव्याचं नाही बोलत मी. त्याच्या दारात नेऊन आपटा ते. तुम्ही नेणार नसाल तर मी नेते."

"नेतो. पण हातात काहीतरी पाहिजे ना."

ती कणीक अशी रट्टे घालून मळू लागली की परात सरकत सरकत ओट्याच्या कडेला आली.

पकडीत धरलेलं ते गरम घर घेऊन तो गॅलरीत आला आणि त्याने ते ठोकळ्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. प्रत्येक ठोक्याला सरांचं डोकं... तिसऱ्या ठोक्याला बेअरिंग टप्पकन खाली पडलं. वरून ओझरच्या बाजूने लढाऊ विमान आभाळ फाडत गेलं. लहानपणी अशा आवाजाला सृष्टी जेवणावरून उठून पळायची, हात खरकटाच वर करून टाटा करायची. तोच हात. दवाखान्यात पट्टीतून रक्त झिरपत होतं आणि ती गुंगीत बडबडत होती – पप्पा, ते बंद पडलं होतं, शाफ्ट अडकला होता, मी नुसतं बघायला... आणि तो म्हणत होता, बरं बरं, आता बोलू नको. बेअरिंगमधली गोळी अडकली असणार, शाफ्ट थांबला असणार, तिने पंखा हलवून बघितला, गोळी सुटली आणि प्लग तापलेलाच, इंजिनाने उलटा झटका मारला... असंच झालं असणार. असंच. आता बघूच, सर. आता तुमच्या तोंडावर हे बेअरिंग फिरवून दाखवतो, कसं अडकतं ते...

वाटीतलं पेट्रोल तांबडं झालं होतं.

त्याने हाताकडे पाहिलं. डाव्या चिमटीत बेअरिंग, उजव्या हातात ब्रश. घासून झालं होतं. इतकी वर्षं कंपनीत जे केलं तेच हातांनी केलं होतं – निघालं की धुवायचं, मग बघायचं. धुतल्याशिवाय बेअरिंग बघणाऱ्या पोराच्या पाठीत त्याने स्वतः धपाटे घातले होते. राळ गेली. गंजाचे कण वाटीच्या तळाशी गाळ होऊन बसले. त्याने आतल्या कड्यात करंगळी घातली, बाहेरच्याला टिचकी मारली, आणि ते फिरलं... बारीक कुरकुरलं, पण कुठेही न अडकता फिरतच राहिलं, थांबेना, सरांच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं.

त्याने हातोडी उचलली आणि मारली. बेअरिंग उडून कुंड्यांमागे गेलं. दुसरा घाव फरशीवर बसला, फरशी तडकली. तिसऱ्याने वाटी उलटी झाली. तरी हात थांबेना. सरांवर मारत होता की आपल्या हातांवर, हे त्याला कळत नव्हतं. तोडायचीच होती तर ही बोटं का नाही तोडली?

"पप्पा!"

सृष्टी दारात उभी होती. तिने हातोडीकडे पाहिलं, पेट्रोलच्या ओघळाकडे पाहिलं, मग कुंड्यांमागून बेअरिंग काढलं. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत धरून डाव्या हाताने फिरवलं, कानाशी नेलं.

"धुतलं तुम्ही."

"अगं, पुढचं बेअरिंग अजून आत आहे," तो घाईघाईने म्हणाला आणि इंजिनाचं घर उचलून तिच्यापुढे धरलं. "त्याला हात लावलेला नाही. ते नाही धुणार. त्यातही गंज असेल, ते दाखवू सरांना, मग म्हणावं, बोला आता–"

"सरांना काय दाखवायचंय? त्यांना माहितीच होतं. शाफ्ट खरखरतोय म्हणून मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, उडव." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि अडकला होता, हे तुम्हाला मी दवाखान्यातच सांगितलं."

"हो, पण सरांनी तसं लिहून दिल्यावर..."

हातातलं घर अजून गरम होतं, भाजत होतं, आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. इतके दिवस पोटात पेटलेलं, सरांच्या अंगावर जाण्यासाठी राखलेलं जे काही होतं, ते जागच्या जागी वळलं आणि तोंड वासून त्याच्याकडेच बघू लागलं.

"त्यांनी लिहून दिलं म्हणून तुम्ही उघडून बघत होतात?" सृष्टीने बेअरिंग ठोकळ्यावर ठेवलं. "ते अडकलं असतं तरच मी खरी, होय ना? आणि हे तर फिरतंय, पप्पा. मग आता काय समजायचं मी? बोला ना."