निम्मं आटेपर्यंत

ताईने तिसऱ्यांदा नमुना लावला, तरी आकडा ढिम्म हलेना. बोअरच्या पाण्याची पहिली बाटली मर्यादेच्या बरीच वर, आणि दुसरी तिच्याही दुप्पट. मशीनचंच डोकं फिरलं असेल म्हणून तिने शुद्ध पाण्याचा कोरा नमुना लावून पाहिला. शून्य. मशीन चांगलं शहाणं होतं. पाण्यात आर्सेनिक होतं, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल.

ती प्रयोगशाळेबाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर धाकटी बहीण बसली होती. तिची आठ वर्षांची चिमी मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. पोरीचे तळवे चामखिळींसारख्या गाठींनी खडबडीत झाले होते. आता यकृतही सुजलंय, आधी पाणी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी काल सांगितलं होतं.

“दुसऱ्या बाटलीत कुठलं पाणी आहे गं?” ताईने विचारलं.

“कुठलं म्हणजे? चिमीचं. उकळलेलं. विसरलीस होय, शास्त्रज्ञबाई?”

विसरेल कशी! चिमी वर्षाची असताना जुलाबांनी अर्धी झाली होती. तेव्हा ताईनेच फोनवर दरडावलं होतं, “तुझा आळस मला ठाऊक आहे. एक उकळी आली की उतरवशील. निम्मं आटेपर्यंत उकळायचं, समजलं?” त्या वेळी इथे फक्त जंतू तपासत. असलं विष मोजणारं मशीन गेल्याच महिन्यात आलं.

जंतू उकळून मरतात. अणूला काय धाड भरते? आर्सेनिकच्या अणूत तेहतीस प्रोटॉन. कितीही जाळ लावा, त्यातला एकही जागचा हलत नाही. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. विष पातेल्यातच राहतं, उरलेल्या निम्म्या पाण्यात सगळंच्या सगळं. इतकी साधी गोष्ट, आणि ती तर याच विषयाची पदवी घेऊन बसली होती. तिला स्वतःची किळस आली. ती बाकावर टेकली.

“घरातले बाकीचे सगळे आळशी, न उकळताच पितात,” धाकटी म्हणाली. “त्यांना बघ, काही म्हणता काही होत नाही. आमच्याच पोरीचं नशीब फुटकं.”

ताईने चिमीचा तळवा हातात घेतला.

ताईचा चेहरा पाहून धाकटी कावरीबावरी झाली. “माझंच चुकलं ना? खरं सांगते, रागावू नकोस. कधीकधी घाईत मी निम्मं व्हायच्या आधीच उतरवलंय.”

ताईने झटकन मान वर केली. “किती वेळा? पुष्कळदा ना? नीट आठव. रोजच लवकर उतरवायचीस ना?”

“छे गं!” धाकटीचे डोळे भरून आले. “तुझा शब्द मोडेन का मी? सात वर्षांत चार-पाच वेळा. चिमीची शपथ.”